न लिहिलेली ओळ

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक ताई सांभाळायची. एकोणीस वर्षं. काही अडलं की डॉक्टरीणबाई जागेवरूनच म्हणायच्या, ताईला बोलवा. त्या दोन शब्दांवर तिचं निम्मं आयुष्य उभं होतं.

मग तिची सख्खी धाकटी बहीण तिथेच कामाला लागली.

नवं तपासणी यंत्र आलं आणि संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली त्याला ओळखच देईना. ताईने दोन दिवस केबली बदलून पाहिल्या, टेबलाखाली वाकून कंबर धरली. गुरुवारी धाकटीने खुर्ची ओढली. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या नोंदी वाचल्या, यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॉड्यूल, चढलेलंच नाही हे शोधलं आणि एका आज्ञेत ते चढवलं. यंत्र जागं झालं.

"हिचा हात हलका आहे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते 'हिचा' ताईला दिवसभर टोचत राहिलं.

घरी आईने शेजारणीला फोनवर तेच साग्रसंगीत ऐकवलं. ताई भांडी घासता घासता जरा जास्तच आपटत होती. भांड्यांनी काय केलंय तुझं, आईने विचारलं.

पण ताईने एक हेरून ठेवलं होतं. हाताने चढवलेलं मॉड्यूल संगणक बंद होईपर्यंतच टिकतं. सुरू होताना ते आपोआप चढायला हवं, तर त्याचं नाव एका फाइलीत लिहावं लागतं. धाकटीने ते लिहिलं नव्हतं, आणि शनिवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताईने ते गोळीसारखं जिभेखाली चघळत ठेवलं.

सोमवारी यंत्र ठार आंधळं. बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळलेली. धाकटी घामाघूम. तिने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ताई, तुला माहीत होतं ना गं?"

ताईला खोटं बोलता आलं नाही. "हो."

धाकटी खुर्चीतून उठली. ताईने मॉड्यूल चढवलं, फाइलीत त्याचं नाव लिहिलं आणि संगणक मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. यंत्र आपसूक बोलू लागलं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. ताईने मान ताठ केली.

"चूक माझी, बाई," धाकटी म्हणाली. "ताईने शुक्रवारीच बजावलं होतं. मीच विसरले."

"कबूल करायलाही मोठं मन लागतं," डॉक्टरीणबाईंनी तिच्याच पाठीवर हात ठेवला.

ताई खुर्चीत बसून राहिली. बाकावरच्या म्हाताऱ्याला धाकटी हात धरून आत आणत होती. हेही हिलाच जमावं, असं ताईला वाटलं, आणि तिचा जीव पुन्हा जळला.