घासणारा टायर आणि सलीमचाचांचं "न्हाय"

मंडळी, गाडीची उंची कमी करून रुंद टायर टाकलेल्यांनी हे जरूर वाचा.

महिनाभर वळणावर माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक आतून घासत होतं. परवा गरोदर ताईला पेठ वडगावहून आणताना तिनं विचारलं, हा आवाज कसला. मी म्हटलं, "रस्ताच तसा हाय."

आज दुपारी स्पेसर घेऊन मंगळवार पेठेत सलीमचाचा मेस्त्रींकडं गेलतो. स्पेसर म्हणजे चाक जरा बाहेर सरकवणारी जाड चकती. चाचांनी चाक काढलं, टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवला आणि मला जवळ बोलावलं. रबर झिजून तारा दिसत होत्या.

"घरची माणसं बसवून फिरवलीस व्हय रं?"



स्पेसर लावल्यावर जुने बोल्ट जेमतेम दोन आटे धरत होते, म्हणजे चाक निसटायचा धोका. तरी मी म्हटलं, "आजच्या दिवस चालवून घ्या की चाचा. संध्याकाळी ताईला डॉक्टरकडं न्यायचंय."

त्यांनी पाना खाली ठेवला. "मग तर न्हाईच. माझी गाडी घिऊन जा."

त्यांच्या गाडीतून ताईला नेऊन आणलं. तोवर त्यांनी लांब बोल्ट मिळवून स्पेसर बसवले, पुढं नवे टायर चढवले. स्टेअरिंग पूर्ण वळवून बघितलं, कुठंच घासत नव्हतं.

घरी ताईला सगळं खरं सांगितलं.  ती म्हणाली, "चाचांना रविवारी जेवायला बोलाव."

तुम्हाला भेटलाय का असा तोंडावर "न्हाय" म्हणणारा मेस्त्री?