काकांच्या टेबलावरचा चहाडखोर

जगातला एकही फोन निर्मळ मनाने वाजत नाही, असं आमच्या ऑफिसातल्या तक्रारवाल्या काकांचं ठाम मत आहे. आमची कंपनी शेतीपंपांची. सोलापूरच्या ऑफिसात मी हिशेब बघतो आणि शेजारच्या टेबलावर काका बिघडलेल्या मोटारींच्या तक्रारी घेत. मध्यंतरी जुने फोन जाऊन इंटरनेटवर चालणारे आले. बसवणाऱ्या इंजिनियरने समजावलं, "प्रत्येक फोन थोड्या थोड्या वेळाने पुण्याच्या सर्व्हरला कळवतो, की मी इथे आहे. मग आलेला कॉल कुठे पाठवायचा ते सर्व्हर ठरवतो." काका दचकले. "म्हंजे चहाडखोर हाय की हे!" तेव्हापासून साहेबांविषयी काही बोलायचं असलं, की ते आधी फोनवर टॉवेल टाकत. चहाला निघताना त्याच्याकडे पाठ करत नसत. उलट्या पावलांनी दारापर्यंत जात.

मग एकाएकी त्यांचा फोन गप्प झाला. "कॉल पळवतंय कुणीतरी," काका म्हणाले.

"मोटारी नीट चालत असतील, काका."

"आपल्या कंपनीच्या? तुमी शुद्धीवर हाय न्हवं?"

त्यांनी घरून काकूंना ऑफिसच्या नंबरवर फोन लावायला सांगितलं आणि स्वतः रिसीव्हरवर हात ठेवून बसले. फोन ढिम्म. तिकडे कॉल उचलला पुण्यातल्या एका मुलीने. काकू थोड्याच मागे हटणार!

"काय तक्रार आहे, मॅडम?"

"आमचं माणूस फोन उचलत न्हाई."

"कधीपासून बंद आहे?"

"बंद कुटलं? दिवसभर बडबडतंय की!"

पुण्याने ही तक्रार रीतसर नोंदवून आमच्या साहेबांकडे पाठवली. तेव्हा साहेबांना कबूल करावंच लागलं: सोलापूरचे कॉल पुण्याला वळवलेत, काकांना गोदामात हलवायचं ठरलंय. जन्मभर संशय घेणाऱ्या माणसाचा संशय एकदाचा खरा ठरला, पण चेहऱ्यावर आनंद म्हणून दिसेना. "पोरगी बोलती ग्वाड," ते हळूच म्हणाले, "पण मंद्रूपातल्या कुटल्या हिरीचं पानी उन्हाळ्यात खाली जातं, आन मोटर उगंच तापती, हे तिला कोन सांगनार?"

हे मी साहेबांना हातवाऱ्यांसकट सांगितलं. साहेब विरघळले, पण निम्मेच. पुण्यातले सगळे फोन गुंतलेले असतील, तरच कॉल काकांकडे यावा, एवढी सोय त्यांनी करून घेतली.

आता काका गोदामात, पाइपांच्या भेंडोळ्यांमध्ये, फोन समोर घेऊन बसतात. पुण्याविषयी कधी बरा शब्द न काढलेला हा माणूस रोज सकाळी हात जोडतो, "देवा, पुण्याला आज कामाचा लई जोर असू दे." एखाद्या दुपारी खरंच रिंग येते. काका लगेच उचलत नाहीत. डोळे मिटून ती थोडी वाजू देतात, आणि मग म्हणतात, "बोला. हीर कुटली?"