भोंगामावशीच्या निळीच्या पुड्या

कामावरच्या मागच्या प्रशिक्षणात तुम्हाला काय शिकवलं होतं, सांगा बघू? डोकं खाजवू नका. चहा गार होता हे आठवेल, पंख्याखालची खुर्ची कुणी पटकावली होती ते आठवेल, आणि शेवटी कुठल्या कागदावर सही ठोकली तेही आठवेल. बाकी पाटी कोरी. आणि हा तुमचा दोष आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल भोंगामावशीकडे पाठवा. ती बघून घेईल.

भोंगामावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. बावीस वर्षं एकच काम. वॉर्डांतून गाठोडी येतात. त्यातल्या चादरी, अभ्रे, गाऊन मशिनात जाण्याआधी निवडायचे. रक्ताचे वेगळे, नुसते मळके वेगळे, फाटके वेगळे. आवाज असा, की बॉयलरची घरघर चिरत पार शेवटच्या टेबलापर्यंत पोचतो. म्हणून पाठीमागे सगळे तिला भोंगा म्हणतात. तोंडावर मावशी, कारण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

या कामात एकच वैरी आहे, तो म्हणजे सुई. वॉर्डात कुणीतरी घाईत इंजेक्शन देतो, सुई चादरीवर ठेवतो आणि विसरतो. चादर गुंडाळली जाते, गाठोडं खाली येतं आणि निवडणाऱ्या बाईला ती सुई टोचते. ती कुणाच्या अंगातून आली, कुणालाच माहीत नसतं. मग सहा महिने रक्ततपासण्या आणि प्रत्येक चिठ्ठी उघडताना काळजात धस्स. मावशीला हे तीनदा झालंय. तिन्ही वेळा निभावलं. पण त्या महिन्यांत तिने घरात कुणाला आपल्या कपातला घोटभर चहासुद्धा पिऊ दिला नाही. काही होत नाही असं डॉक्टर सांगत होते, तरीही.

आणि अशात सुनेने एका सकाळी डबा भरता भरता सांगून टाकलं, "आई, तुमच्या लाँड्रीत जागा निघालीय. मी नाव दिलंय."

"कुणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का?"

मावशीचा मुलगा तोंडातला घास तसाच धरून दोघींकडे बघत बसला. शहाणा आहे. या दोघींच्या मध्ये बोलायचं नसतं हे तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकला.

पोरगी हट्टी आणि कामाला वाघ. तिला अडवणं शक्य नव्हतं. दोन आठवड्यांनी, सोमवारी, ती टेबलाशी उभी राहणार होती. मावशीचा जीव टांगणीला लागला. हातात एकच गोष्ट उरली होती: त्या सोमवारच्या आत पोरीला सुईपासून वाचायला शिकवणं.

शिकवायला साहेब होते की. सुरक्षा अधिकारी, तिशीतले, नेहमी टाय. दर तीन महिन्यांनी ते सगळ्यांना बॉयलरवरच्या खोलीत बसवत, पडदे ओढत आणि भिंतीवर चौसष्ट चित्रं दाखवत. खोली उबदार, अंधार मऊ. तिसऱ्या चित्राला माना पडत. टेबलावरच्या बायकांत एक रेडिओ म्हणून आहे, जी झोपेतही बोलते अशी तिची ख्याती. ती म्हणायची, "मला घरी डोळ्याला डोळा लागत नाही गं. साहेबांना घरी न्यावं म्हणते." शेवटी साहेब विचारत, "समजलं?" सगळ्या एका सुरात, "समजलं!" की सही, की चहा.

त्या बुधवारी एकतिसावं चित्र आलं. हातमोजा चढवणारा एक गोरापान, गुळगुळीत हात. मावशी ताडकन उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? तुम्ही कधी गाठोडं सोडलंय?"

पेंगणाऱ्या अकरा बायका खडबडून जाग्या झाल्या. साहेबांनी टाय सारखा केला. पण माणूस खोटा नव्हता.

"नाही, मावशी."

"मग आम्हाला काय शिकवताय?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या बुधवारी नव्यांसाठी पुन्हा वर्ग आहे, जुन्याही बसतील. तो तुम्ही घ्या."

आता आली का पंचाईत! बोलून तर बसली, माघार घेणं रक्तात नाही. आणि आयुष्यात तिने ओरडणं सोडलं तर कुणाला काही शिकवलं नव्हतं.

घरी गेली, सुनेला समोर बसवलं आणि सुरू झाली. हातमोजे असे, सुया टाकायचा डबा तसा, गाठ अशी सोडायची, अमकं करायचं नाही, तमक्याला हात लावायचा नाही. अर्ध्या तासाने बघते तर सूनबाई जांभई दाबतायत.

"झोप येते होय गं तुला? मी मरमर मरून सांगतेय आणि—"

"आई, रागावू नका. पण तुम्ही अगदी तुमच्या त्या साहेबांसारख्या बोलताय."

मावशीला हे वर्मी लागलं. आत जाऊन भांडी आपटून आली. सून तिथेच बसून होती. तिने हळूच विचारलं, "तुम्हाला टोचली होती ती कुठे? दाखवा ना."

मावशीने बाही वर केली. पहिली इथे, कोपराच्या आतल्या बाजूला. दुसरी त्याच्याच वर. तिसरी बरगडीखाली.

"मग सगळा वेळ बोटांबद्दल का सांगत होता?"

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. बोटांना तर जाड मोजे असतात. दुसऱ्या दिवशी तिने टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. रेडिओला पोटावर. कोपऱ्यातल्या बाईला दंडावर. कारण काय, तर चादरी निवडून झाल्या की ढीग उचलून सात पावलांवरच्या ढकलगाडीत टाकायचा असतो. आणि प्रत्येकजण तो ढीग कवेत घेते. घरी दोरीवरचे वाळलेले कपडे आपण छातीशी धरून आणतो ना, अगदी तसा. ती सवय कामावर शिकलेली नव्हतीच. ती आईकडून आलेली. तिला चौसष्ट चित्रांत जागा कुठून मिळणार?

मग मावशीचं डोकं चाललं. तिने कपाटातून निळीचा डबा काढला. पातळ कागदाच्या बोटभर पुड्या वळल्या, एकेकीत चिमूट चिमूट नीळ. बाद झालेल्या स्वच्छ चादरी घेतल्या, जराशा ओल्या केल्या, घड्यांत पुड्या लपवल्या आणि तेरा गाठोडी बांधली.

बुधवारी बायका सवयीने जिन्याकडे निघाल्या. "वर कुठे चाललात? अंथरूण घालून ठेवलंय का तिथे?" मावशी गरजली. "टेबलाला लागा. पांढरे अ‍ॅप्रन. जिचं गाठोडं आधी संपेल तिला पहिला चहा. साहेब, तुम्हीसुद्धा."

"मी?"

"का, हात दुखतात?"

जी काय झुंबड उडाली! सून जुन्यांच्या बरोबरीने हात चालवत होती. रेडिओ बोलायची थांबली, म्हणजे बघा. साहेबांची चादर त्यांच्याच पायात अडकली आणि त्यांचा ढीग जमिनीवर गेला. "अहो, असा उचलतात होय!" म्हणत मावशीने तो उचलला आणि गाडीत फेकला.

"थांबा," ती म्हणाली. "आता एकमेकींकडे बघा."

आणि जो हशा पिकला! निळे दंड, निळी पोटं. रेडिओची हनुवटी निळी. साहेबांचा टाय गेला तो गेलाच. सुनेच्या अ‍ॅप्रनवर तीन डाग.

"हसा, हसा," मावशी म्हणाली. "जिथे निळं आहे तिथे सुई. सहा महिने रक्त द्यायचं. तुला तीन सुया गं पोरी, पहिल्याच दिवशी."

सून तिच्याकडे टक लावून बघत होती. "आई... तुमच्या पोटावर."

मावशीने खाली पाहिलं. बरगडीखाली, जुन्या जागेच्या वीतभर बाजूला, रुपयाएवढा निळा डाग.

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता भोंगा वाजणार हे सगळ्यांनी ओळखलं. पुड्या हिनेच वळलेल्या, हिनेच लपवलेल्या, आणि तरी. मावशी डागाकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "बावीस वर्षं. चुकणाऱ्यांत माझंही नाव लिहा."

त्या एका वाक्यानंतर बायका बोलायला लागल्या. आजवर साहेबांपासून दंडावरच्या जखमा लपवणाऱ्या, 'घाईत झालं, माझंच चुकलं' म्हणणाऱ्या बायका. रेडिओने तर मुद्द्यालाच हात घातला, "पण मी म्हणते, गाडी सात पावलांवर कशाला? टेबलाला चिकटवा की! कवेत घ्यायची वेळच येणार नाही. कोपरा धरायचा, झटकायचा, सोडायचा."

गाडीची जागा साहेबांनीच पिवळ्या पट्ट्याने आखलेली होती, नियमाने. साहेब गुडघ्यावर बसले आणि नखांनी तो पट्टा उकरायला लागले.

सोमवार आला. सून तिसऱ्या टेबलाशी, मावशी दुसऱ्या. मावशीची नजर स्वतःच्या गाठोड्यावर ठरेना. साडेदहाच्या सुमाराला सुनेने एका चादरीचा कोपरा धरला, हात लांब ठेवून ती टेबलावर पसरली, आणि टक् असा बारीक आवाज झाला. उघडी सुई, बोटभर लांब. सुनेने हात वर केला. टेबल थांबलं. तिने चिमट्याने सुई उचलली, डब्यात टाकली आणि पुढची चादर ओढली. जणू काही झालंच नाही.

मावशीला ओरडायचं होतं. शाबास म्हणायचं होतं, का शिव्या द्यायच्या होत्या, तिचं तिलाच कळेना. आवाजच फुटला नाही.

"मावशी, आज भोंगा बिघडला का?" रेडिओने तोंडावर विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मावशीने डोळे पुसले, तेही बाहीने, कारण हातात मोजे होते.

उद्या तुमच्याकडे कुणी नवं माणूस कामाला येणार असेल, तर एवढं करा. त्याला अंधारात खुर्चीवर बसवू नका. जिथे चुकलं तरी रक्त येणार नाही अशा जागी त्याला उभं करा, आणि त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्यासमोर तुम्हीही एकदा चुका.