पाचव्या बटणावरची जागा

“जागा नाही,” असं आधी म्हणायचं आणि मग मान वर करून कोण आलंय ते बघायचं, ही अक्कांची रीत. समोर मालक असोत की कॉफी आणणारा, त्यात फरक नाही. तुम्हाला वाटेल, बाई लॉजवर बसत असतील. तसं काही नाही. तमिळ मुलखात, अड्यारमध्ये एका बेकरीच्या वर आमचं मोबाइलची ॲप्स बनवणारं छोटं ऑफिस होतं, आणि अक्का तिथे टेस्टर होत्या. आम्ही बनवायचं, त्यांनी चुका काढायच्या.

ही जागांची भानगड आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टच स्क्रीनचे फोन तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या खिशात नव्हते, सगळे बटणांचे. ॲप बाजारात नेण्याआधी ते खऱ्या फोनवर चालवून बघावं लागे, आणि ज्या परदेशी कंपनीचे ते फोन होते तिने आम्हाला लायसन्स दिलं होतं ते मोजक्या फोनांपुरतं, एका फोनाला एक जागा. प्रत्येक फोनच्या बॅटरीखाली त्या यंत्राचा स्वतःचा एक नंबर असतो. तो नंबर कंपनीकडे नोंदवला तरच आमचं ॲप त्यावर उघडणार, नाहीतर फोन ढिम्म. नोंदवलेला फोन मधेच हरवला, फुटला, कुणी विकून टाकला, तरी त्याची जागा परत मिळायची नाही. वर्ष संपलं की लायसन्स नवं करायचं, तेव्हाच काय ती अदलाबदल. आणि तेव्हा प्रत्येक फोनवर ॲप पुन्हा घालायचं, नाहीतर तेही बंद.

या सगळ्या जागा अक्कांच्या ताब्यात. फोन नोंदवायचा झाला की त्या तो उपडा करत, झाकण काढत, बॅटरी बाहेर काढत आणि आकड्यांवर बोट फिरवत नंबर मोठ्याने वाचत, तांदूळ निवडल्यासारखा. मग बॅटरी घालून तोच नंबर स्क्रीनवर पुन्हा वाचत. मी नवा होतो, उतावळा होतो. म्हटलं, “अक्का, एकदा वाचलात की.”

“दोन्हीकडे एकच आहे म्हणून बघायला नको का, तंबी?”

तंबी म्हणजे धाकटा भाऊ, तमिळमध्ये. पण बाई मराठी. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, मैलापुरात वाढलेल्या. मी नाशिकचा. पहिला आठवडाभर त्या माझ्याशी मराठी बोलताहेत हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं, इतका त्या मराठीचा सूर तमिळ. आपण म्हणतो ‘सांग’, त्या म्हणायच्या ‘सांगट’. “जेवलास का म्हणून विचारतें, उत्तर सांगट की.” तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, एका खोलीत तिघं राहणाऱ्या माझ्यासारख्याला असं विचारणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं. त्या डब्यात उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी आणायच्या, आणि ती मला दिल्यावर मी बोट चाटेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

आमच्या सेल्सच्या मॅनेजरने एकदा नोंदवलेला फोन मेव्हण्याला देऊन टाकला आणि नवा घेऊन आला. अक्का म्हणाल्या, “जागा नाही.” तो म्हणाला, जुना काढा ना. “काढला तरी जागा येत नाही. आणि मेव्हणा काही टेस्टिंग करत नाही. जिथं माणूस नाही, तिथं जागा अडवायची नाही.” वर्ष संपेपर्यंत तो बिचारा दुसऱ्यांचे फोन मागून घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचा. चिडायचा, पण अक्कांपुढे नाही.

इतक्या कडक बाईने नव्या वर्षी यादी करताना स्वतःचा फोन काढून टाकला. त्या जागी भावाचा घातला. मालकांना समोर जाऊन सांगितलं, “माझा बाहेर, माझ्या भावाचा आत. मी ऑफिसच्या फोनवर टेस्ट करेन.” मालक हो म्हणाले. अक्कांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

भाऊ, म्हणजे बाबू, चाळिशीचा माणूस. जन्मापासून बोलता येत नाही. ऐकू येतं, बरंचसं समजतं, पण घशातून येतो तो नुसता आवाज, आणि त्या आवाजाचा अर्थ जगात एकट्या अक्कांना कळायचा. आईवडील गेलेले. अक्कांनी लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याच्यासाठी त्यांनी आणि मी मिळून एक ॲप केलं. फोनची नऊ बटणं, स्क्रीनवर नऊ चित्रं. एक दाबलं की फोन म्हणणार, “पाणी दे.” दोन दाबलं की, “भूक लागली.” चारला “डोकं दुखतंय.” नऊवर तमिळमध्ये घरचा पत्ता, चुकला तर कुणाला तरी ऐकवायला. सगळं अक्कांच्या आवाजात. आणि मधल्या पाचावर अक्कांचाच फोटो. ते दाबलं की, “अक्का, इकडे ये.” पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, अंधारातही बोटाला लागतो. बाबू सारखं तेच दाबायचा. मी त्यांच्या घरी जायचो तेव्हा हे चालूच. बाहेरच्या बाकावरून अक्कांचा आवाज अक्कांना हाक मारी, आणि स्वयंपाकघरातून अक्का त्याला ओ देत. “आलें रे, आलें.” मग त्या येऊन त्याच्या शेजारी बाकावर टेकत. मला हसू यायचं. त्यांनाही यायचं.

मी एकदा म्हटलं, “तुम्हाला त्याचं सगळं कळतं. मग फोन कशाला पाहिजे?”

“मी आहें तोवर नकोच. माझ्या मागे त्याचं कोणाला कळणार, सांगट?”

हेच ॲप कुठल्याही फोनवर चालावं अशी सोय होती, नाही असं नाही. ते परदेशी कंपनीकडे परीक्षेला पाठवायचं, फी भरायची, पास झालं की जागांची कटकट संपली. मालक म्हणाले, “एका माणसासाठी?” अक्कांनी पुन्हा विषय काढला नाही. मला तेव्हा मालकांचा राग आला होता, अजूनही येतो.

बाबूने एके दिवशी फोन धुतला. सांबार सांडलं होतं त्यावर. जेवल्यावर आपलं ताट जसं साबण लावून धुतो तसा त्याने तो नळाखाली नीट धुतला आणि पालथा घालून ठेवला. अक्का दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत रिची स्ट्रीटला, फोन दुरुस्तीच्या गल्लीत गेलो. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, यापेक्षा नवा घ्या, अम्मा. अक्का म्हणाल्या, “नवा फोन मिळेल. नवी जागा नाही मिळणार.” तो नंबर खरा असतो तो आतल्या बोर्डात. तो बोर्ड तेवढा वाचवा, बाकी सगळं बदला, असं त्यांनी त्याला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. तो बोर्ड ब्रशने साफ करत होता तेव्हा त्या काउंटरला धरून उभ्या होत्या. फोन सुरू झाला, त्यांनी पाच दाबलं, गल्लीच्या त्या गोंगाटात “अक्का, इकडे ये” ऐकू आलं, आणि बाई तिथेच स्टुलावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतरच्या वर्षी त्यांना पोटाचं दुखणं निघालं. मोठं दुखणं. उपचार अड्यारमध्येच चालले होते, म्हणून अंगात बळ असेल त्या दिवशी हॉस्पिटलातून परस्पर ऑफिसात येत, थोडा वेळ बसत. कुंभकोणमहून त्यांची चुलत बहीण रुक्मा घरी राहायला आली होती. ती मायेची होती, पण बाबूच्या आवाजातलं तिला अक्षर कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी बाबूचा फोन घेऊन अक्का माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या. केस गेलेले, डोक्याला सुती रुमाल. म्हणाल्या, “पाचावरचं बदलायचं आहे. माझा फोटो काढ. रुक्माचा घाल.”

मी म्हटलं, “तुमचा असू द्या. रुक्मांना सातावर घालू. तिथे नुसतं ‘टीव्ही लाव’ आहे.”

“त्याचं बोट सातावर जात नाही. घाबरला, पडला, काही दुखलं, की न बघता पाच दाबतो. तिथे येणारं माणूस पाहिजे.”

मी तरी सातावरचं टीव्हीचं चित्र स्क्रीनवर उघडलं.

“तुम्हा सगळ्यांना मी काय सांगटलें इतकी वर्षं? जिथं माणूस नाही, तिथं जागा अडवायची नाही. मला वेगळा नियम आहे का?”

सामानाच्या खोलीत पंखा बंद करून आम्ही आवाज भरला. “रुक्मा, इकडे ये.” तीन शब्द फक्त. पण आवाज बारीक झाला होता, शेवटी विरून जायचा. त्या म्हणाल्या, पुन्हा. पाणी प्यायल्या, पुन्हा. “आधीच्यासारखा पाहिजे तंबी. नाहीतर हे कोण म्हणून तो घाबरेल.” प्रत्येक वेळी त्या आपला आवाज ऐकत आणि मान हलवत, आमच्या चुका काढताना हलवायच्या तशीच. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी एकदा तो आवाज आला, जुना, स्वयंपाकघरातून येणारा. त्यांनी तो फोनवर घालून बघितला, फोन बंद केला, बॅटरी काढली, घातली, पुन्हा दाबला.

“पास,” म्हणाल्या. आणि मग, “वर्ष संपेल तेव्हा हा फोन आत ठेवशील ना? विसरलास तर त्याचं तोंड बंद होईल.”

मी म्हटलं, “नाही विसरणार.”

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, त्या गेल्या. मैलापुरात गाण्याच्या सभांचे दिवस होते, रस्त्यात रेशमी साड्यांची आणि गाड्यांची गर्दी, आणि आम्ही ऑफिसची माणसं त्यातून वाट काढत त्यांच्या घरी गेलो. बाबू बाकावर बसला होता. फोन हातात होता, पण त्या दिवशी त्याने एकही बटण दाबलं नाही.

लायसन्स नवं करायची वेळ आली. जागा आता माझ्याकडे होत्या. मी यादी करत बसलो होतो तर कोणीतरी टेबलाशी येऊन म्हणालं, तो एक फोन आता कशाला ठेवायचा, अक्का तर नाहीत. मी म्हटलं, “जागा नाही,” आणि मग मान वर केली. सेल्सचा मॅनेजर होता. तो आपल्या टेबलाकडे परत गेला.

त्या रविवारी लॅपटॉप आणि केबल घेऊन मी मैलापूरला गेलो. रुक्माने दार उघडलं. बाबू फोन द्यायला तयार होईना, छातीशी धरून बसला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, केबल दाखवली, लॅपटॉप त्याच्याच मांडीवर ठेवला, तेव्हा कुठे त्याने दिला. ॲप पुन्हा घालून मी फोन त्याच्या हातात दिला. रुक्मा आत कॉफी करायला गेली.

त्याने स्क्रीनकडे बघितलंच नाही. बोट पाचावर गेलं.

“रुक्मा, इकडे ये,” अक्का म्हणाल्या. तोच आवाज, स्वयंपाकघरातला.

रुक्मा पदराला हात पुसत बाहेर आली. “आलें रे, बाबू.” बाबूने तिच्याकडे बघितलं, आणि मग तिच्या मागे दाराकडे. तिथे कोणी नव्हतं. त्याने पुन्हा पाच दाबलं. रुक्मा पुढ्यातच उभी होती, तरी पुन्हा म्हणाली, “आलें.”

“दिवसभर असंच चालतं,” ती मला म्हणाली. “कधी भाजी करपते, कधी अंघोळ अर्धी राहते.”

“प्रत्येक वेळी येता?”

“न येऊन कसं चालेल? अक्का बोलावते की.”

ती त्याच्या शेजारी बाकावर बसायला वाकली. तसा बाबूने फोन मांडीवर ठेवला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात पसरून ठेवला. रुक्मा खाली जमिनीवर, त्याच्या पायाशी बसली.