मागे राहिलेला फुलबॅक

बॉल माझ्याच टाचेला लागून आमच्याच गोलात गेला, तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या शेजारी एक गोरा पाहुणा बसला होता. सामना सरावाचा होता. तरी आमचा गोलकीपर रामदीन म्हणाला, "कुलकर्णी भिया, उनकी मदत करनी थी तो पहले बोल देते."

पाहुणा मात्र उठून थेट माझ्याकडे आला. वाकला, माझा डावा पाय घोट्याला धरून वीतभर मागे सरकवला आणि म्हणाला, "दिस फूट, हियर." सगळ्या संघासमोर! तेव्हापासून तो माझ्या मनातून उतरला.

मध्य भारत नावाचं वेगळं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात होतो. कोणता कामगार किती वाजता आला, हे मस्टरवर लिहायचं. पण नोकरी माझ्या अक्षरामुळे नाही, फुटबॉलमुळे लागली होती. मिलांमध्ये तेव्हा ईर्षा असे. चांगला खेळाडू दिसला की त्याला कामावर घेत. मी फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्याला अडवणारा. संघात असे दोघं असत. संघात आहात तोवर टाइम ऑफिसची खुर्ची आणि डोक्यावर पंखा. संघातून उतरलात की कार्डिंग खातं, जिथे कापसाची भुकटी नाकातोंडात जाते. माझी छाती लहानपणापासून नाजूक. तेव्हा फुलबॅकची जागा माझ्यासाठी नुसती खेळातली नव्हती.

पाहुण्याचं नाव मिलो. नव्या टर्बाइनबरोबर आलेला इरेक्टर, यंत्र जोडून चालू करून देणारा. युगोस्लाव्हियातल्या मॉन्टेनेग्रो नावाच्या डोंगराळ मुलखातला. यंत्रांकडे वळण्याआधी तो कित्येक वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळला होता, आणि तोही फुलबॅक. नुसतं खेळायचा पगार, मस्टर नाही, सायरन नाही, हे ऐकून मला आधी खोटं वाटलं. मग खरं आहे असं कळलं आणि जास्तच राग आला.

लेबर ऑफिसर दुबेजी संघाचे सेक्रेटरी. ते माझ्या टेबलाशी आले. "कुलकर्णीजी, मिलोसाहब का कार्ड बना दो. मस्टर पे नाम होगा तभी मैच खेलेंगे."

"पर दुबेजी, ये तो टर्बाइनवालों के आदमी हैं."

"जब तक यहाँ हैं, हमारे हैं. बनाओ."

जो माणूस आपल्या जागेवर येणार त्याचं कार्ड आपल्याच हाताने भरायचं! मी ते दोन दिवस खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुबेजींनी स्वतः खण उघडला. मी म्हणालो, शाई वाळत होती.

मिलो उजवीकडे आला, माझ्या जागी. मला डावीकडे सरकवलं. डावीकडचा शंकर बाहेर बसला. पुढचा नंबर कोणाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आम्ही सगळे पायाला पट्टी बांधून अनवाणी खेळायचो. मिलो बूट घालायचा. पण वर्षभर आमच्याबरोबर खेळूनही कोणाच्या बोटावर त्याचा पाय पडला नाही. ते मी वाट बघत होतो म्हणून मला माहीत.

एका रविवारी दुबेजी त्याला छत्रीबागेत आमच्या घरी घेऊन आले. माझ्या बायकोने, कुसुमने भुट्ट्याचा कीस केला होता. मिलोने तीन वेळा घेतला. म्हणाला, माझी आई मक्याचं असंच काहीतरी घोटते. झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर दोन डबे निघाले. माझ्यात भेंडी, त्याच्यात कीस.

"अहो, त्याची आई किती लांब आहे," कुसुम म्हणाली.

"माझी पण खांडव्याला आहे."

"तुम्ही तर ना, जबरन काहीही बोलता."

आता थोडं खेळाचं. हल्ला करणाऱ्याकडे बॉल टाकला जातो त्या क्षणी, त्याच्या आणि आमच्या गोलच्या मध्ये आमचे निदान दोन खेळाडू हवेत. नाहीतर तो ऑफसाइड, गोल बाद. एक तर गोलकीपर असतोच. दुसरा म्हणजे आम्हा फुलबॅकपैकी कोणीतरी. मिलोने आम्हाला शिकवलं की बॉल सुटायच्या आत दोन्ही फुलबॅकनी एकदम पुढे पळायचं. मागे फक्त गोलकीपर. समोरचा आपोआप ऑफसाइड. मिलो हात वर करून ओरडे, "चलो!" हिंदीतला त्याचा हा एकच शब्द. लीग संपत आली तोवर आमच्यावर मोजून दोन गोल झाले होते. लोक "मिलो भिया, मिलो भिया" ओरडत. माझं नाव घरच्या मैदानावरही कोणी घेईना.

लीगचे शेवटचे दोन सामने उरले. पहिला शेजारच्या मिलशी. एका बाजूला बायकांसाठी कनात, तिच्यात कुसुम. सामना संपत आला तरी गोल नाही. त्यांचा फॉरवर्ड बॉल मागत माझ्या बाजूने निघाला. "चलो!" मी ऐकलं, अगदी स्पष्ट. हाफबॅक, मिलो, सगळे पुढे गेले. मी मनात म्हटलं, याला मी एकटा अडवणार, सगळ्यांसमोर. उभा राहिलो. पाय टाकला. पायात माती आली. बॉल आत.

मिलोचा हात तसाच वर. रेफरीने सेंटर दाखवला, म्हणजे गोल दिला. मी मागे होतो, म्हणून ऑफसाइड नाही. पण मागे बघितलं कोणी? लोकांना दिसला तो हात. "अरे हाथ क्या उठाता है, टांग उठा!"

सामना गेला. दुबेजी तापले. "ये क्या हुआ?" मिलोने एकदा माझ्याकडे पाहिलं. "आय कॉल लेट," म्हणाला. "माय मिस्टेक." मी पट्टी सोडत बसलो. ती आधीच सुटलेली होती. शेवटच्या सामन्यातून मिलोला काढलं, मला उजवीकडची जागा परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरीचं कार्ड घ्यायला खिडकीशी आला. माझ्याच्याने राहवेना. मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "मिस्टर मिलो, आय हर्ड. आय स्टे."

"आय नो," तो म्हणाला. मग खिडकीला कोपर टेकून सांगितलं की त्याच्या क्लबात त्याच्या जागी एक नवा मुलगा आला होता. एका सामन्यात त्या मुलाने हात वर केला आणि हा मुद्दाम मागे राहिला.

"देन?"

"देन आय लर्न टर्बाइन."

मला टर्बाइन येत नव्हतं. मी दुबेजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिलो परत उजवीकडे, शंकर डावीकडे, मी बाहेर बाकावर, लिंबं सांभाळायला. आम्ही जिंकलो. सोमवारपासून मी कार्डिंगमध्ये. चार महिने खोकलो. माझ्यानंतर बसवलेल्या क्लार्कने निम्म्या मिलला गैरहजर लावलं, तेव्हा कुठे मला परत बोलावलं. यावरून मी एवढंच शिकलो की फुलबॅकने हस्ताक्षर चांगलं ठेवावं.

जिंकलो त्या संध्याकाळी घरी गेलो आणि कुसुमला एका दमात सगळं सांगितलं. तिने चुलीवरची कढई उतरवली.

"मला ते तुमचं ऑफसाइड-बिफसाइड समजत नाही," ती म्हणाली. "पण सगळे पुढे पळाले आणि तुम्ही एकटेच मागे उभे, ते कनातीतून मला दिसलं होतं. आठ दिवस वाट बघतेय, कधी सांगता म्हणून. बसा आता. कीस केलाय. त्याचा डबा आधी भरलाय, कढईला लागलाय तेवढा तुमचा."