एकच हाक

चिखलीतल्या तंबू टॉकीजचं मशीन चालवणारा माझा शेजारी भुताच्या सिनेमाची पटकथा लिहीत होता. कॅमेरा ओळखीच्या फोटोवाल्याचा, पैसा जवळजवळ नाहीच. बोलताबोलता वाक्य अर्धवट सोडून तो आपल्या खांद्यामागे बघायचा, आणि आपण वळून पाहिलं की खूश व्हायचा.

आमच्याकडे भर दुपारी एकाच हाकेला ओ देत नाहीत. माणूस पुन्हा हाक मारतो, भूत मारत नाही.

एका दुपारी मी घरात एकटाच होतो. बंद दाराबाहेरून त्याचाच आवाज आला, "भाऊ!" एका पायात चप्पल सरकवून मी कडीला हात लावला आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. ती आलीच नाही. कडी काही काढवेना.

संध्याकाळी त्यानं नवा प्रसंग वाचून दाखवला. त्यात माझा कडीवरचा हात होता, एकाच पायात घातलेली चप्पलही होती. म्हणजे दुपारी हाक मारून तो दाराच्या फटीतून बघत उभा होता.

"अन् याच्यात भूत कुठी आहे बे?" मी भडकून विचारलं.

"भुताले खर्च येते, भाऊ. भेणारा मानूस फुकटात भेटते."

त्यानंतर तो दारात येऊन हाकांवर हाका मारायचा. तरी माझा हात कडीवरच थांबायचा.