बंबोबा

आगीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आग लागायच्या आधीच तिच्याशी वैर धरून बसलेला माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. हे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर बाकीचे ड्रायव्हर पारावर जाऊन बसले, मामा गल्ल्या मापत फिरू लागले. त्यांच्या हिशेबी जगात गल्ल्या दोनच प्रकारच्या: आगीचा बंब शिरतो त्या आणि शिरत नाही त्या. दुसऱ्या प्रकारच्या गल्लीतली माणसं त्यांच्या मते निव्वळ नशिबावर जगत होती. आत्याचं आणि आमचं घर अशाच एका गल्लीत होतं, हे आत्या त्यांना ऐकवायची. मामा म्हणायचे, "म्हणून तर झोप लागंना मला."

मामांच्या थोरल्या मुलासाठी स्थळ बघायला आम्ही गंगाखेडला गेलो. पोहे आले, मुलगी आली, चहा आला, मामा मात्र गायब. शोधलं तर ते बाहेर दोन्ही हात पसरून गल्लीची रुंदी घेत होते. आत येऊन टेकले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. गल्ली न्हाई."

मुलीचे वडील चक्रावले. "आवो पाव्हणं, तुमच्याकडं पोरगी यायलीय, गल्ली न्हाई!"

"मग माहेरपणाला कुठं जाईल ती? हितंच की!"

लग्न झालं, पण आधी व्याह्यांना दारापुढची रस्त्यात आलेली पायरी तोडावी लागली. वहिनी आजही सांगते, की सासऱ्यांनी हुंड्यात फक्त एक पायरी मागितली, ती पण तोडून.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा गावभर पेढे वाटले. सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवला. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कॉलेजात वाळूच्या लाल बादल्या हायत का गं?" मी म्हणाले, आहेत, पण वाळूत पोरं पान खाऊन थुंकतात. मामांचा पेढा घशातच राहिला. "असल्या कॉलेजानं तुला पास केलं?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

पण मामांचा खरा जीव होता आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका नळावर. मोठ्या रस्त्यावर गुडघाभर उंचीचा, जुन्या काळातला तो बंबाचा नळ. तसला दुसरा आमच्या भागात नव्हता. मामा सगळ्यांना समजावून सांगत, "बंबातलं पानी बघता बघता सरतंय. मग बंब पळतो टाकीवर भरायला. तो परत येईस्तोवर आग जेवून हात धुऊन बसलेली असती. हितं नळ चालू असला तर बंबाला जागचं हलायचं काम न्हाई." लोक मान डोलवत आणि त्याच नळाला शेळ्या बांधत. रसवंतीवाला त्याच्यावर उसाची चिपाडं टाकी. मामा रोज भांडत, आणि दर शनिवारी झाकणाला तेल देऊन ते फिरतं का बघत.

हे तेल गल्लीतल्या गिरजाआजीनं पाहिलं. शनिवार, तेल, आणि मामांसारखा कडक माणूस वाकलेला! पुढच्या शनिवारी आजी शेंदूर घेऊन हजर.

मामा उखडले. "माय, ह्यो नळ हाय, मारुती न्हाई!"

"असू दे की बाबा. देव कुठल्या रूपानं यील, तुला काय ठावं?"

आणि काय सांगू, आठवड्याभरात शेळ्या गेल्या, चिपाडं गेली, थुंकणारे दोन पावलं लांबून जाऊ लागले. मामांच्या आरडाओरड्यानं जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते चिमूटभर शेंदरानं केलं. मामा भांडायचे थांबले. मग खूश झाले. नळाचं नाव बंबोबा पडलं तेव्हा तर तेही कौतुकानं तेच म्हणू लागले. कोणीतरी फरश्यांचा ओटा बांधला. शेंदरावर शेंदूर चढत गेला. मी एकदा म्हणाले, "मामा, झाकण तरी मोकळं ठेवायला सांगा."

"तू बी.ए. झालीस गं, पर देव बसविला की मानूस कसा सुधारतो हे तुज्या पुस्तकात न्हाई." आता त्याची काळजी घ्यायला गाव आहे म्हणून त्यांनी झाकण फिरवून बघणंही सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी गल्लीतल्या सत्तारभाईंच्या गादीच्या दुकानात ठिणगी पडली. कापूस तो, त्याला काय वेळ लागतो! आमच्या गल्लीतली घरं माळवदाची, जुन्या लाकडाची, भिंतीला भिंत लागलेली. सत्तारभाईंचं बिऱ्हाड दुकानाच्या वरच, आणि पलीकडची भिंत गिरजाआजीची. माणसं सगळी बाहेर निघाली. बंब आला आणि मामांनी आयुष्यभर सांगितलं तसाच गल्लीच्या तोंडाशी अडकला. जवानांनी पाइप आत ओढले, पाणी मारलं, आणि थोड्याच वेळात मामांनी सांगितलं तसंच पाणी सरत आलं.

मामांनी टाकीवर फोन करून पाणी सोडायला लावलं होतं. पाना घेऊन ते बंबोबाकडे धावले. झाकण हलेना. शेंदराचं पार दगडी कवच झालेलं. पाना धरायला जागाच नाही, खालून ओटा आडवा आलेला. पंक्चरवाल्यानं घण आणून हातात दिला.

मामांनी घण उचलला आणि थांबले. आगीपुढं कधी न थांबलेला माणूस बंबोबापुढं थांबला. घण खाली ठेवला, पायातल्या चपला काढल्या, परत घण उचलला. तो खांद्याच्या वर जाईना.

सत्तारभाई ओरडले, "मामा, क्या कर रहे? जिन्याला लागली की हो!"

"हात उठंना रे," मामा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

गर्दीतून गिरजाआजी पुढं आली. पदरानं डोळे पुसत होती, धुरानं की कशानं कोण जाणे. "आरं, हान की! पान्याचा देव हाय तो. पानी द्यायला न्हाई तर कशाला बसलाय?"

"माफ कर रे बाबा," म्हणून मामांनी घण हाणला. खपल्या उडाल्या, फरशी फुटली, पाना बसला. झाकण फिरलं तसा पाण्याचा लोंढा मामांना छातीपर्यंत भिजवून गेला. बंबाला पाणी लागलं ते आग विझेपर्यंत तुटलं नाही. दुकान गेलं, कापूस गेला. वरचं बिऱ्हाड राहिलं. आजीची भिंत नुसती काळी पडली.

मामांच्या नावाचा डंका वाजला. सत्तारभाईंनी नव्या दुकानातली पहिली गादी त्यांनाच दिली. मामा मात्र कुणी तारीफ केली की म्हणत, "मीच बुजू दिला होता त्याला."

यंदा रस्ता नवा झाला. तीन गल्ल्यांच्या तोंडाशी तीन नवे नळ बसले, लालभडक, भोवती जाळी, वर पाटी, शेंदूर लावायला जागाच नाही. चाचणीच्या दिवशी मामा सकाळपासून उभे. एक तरणा इंजिनियर अदबीनं म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला होता का?" आणि मामा बाजूला झाले. निमूट. नळ सुटला, पाणी उंच उडालं, पोरं नाचली.

"चांगलं काम केलंय," मामा मला म्हणाले. "आता मला कोनी विचारायचं न्हाई."

"विचारतील की मामा."

"न्हाई विचारलं तेच बरं गं पोरी. त्याच्यासाठीच तर भांडत होतो." चष्म्यावर उडालेले थेंब त्यांनी पुसले नाहीत. तसेच, गल्लीच्या मधोमध, सावकाश घराकडं चालू लागले. मीही मागं मागं गेले, त्यांना कळणार नाही इतकं अंतर ठेवून.